गवत खाणारा फुगा

४ ऑक्टोबर

फुगा आला. मले वाटलं होतं मशीन-बिशीन असंल, चाकं, बटनं, काहीतरी. ट्रॅक्टरमधून उतरला तर काय — रबराची काळी थैली! बसलेल्या म्हशीएवढी, आन ते पण चपटी. बायनाबाई म्हणाली, "याच्यासाठी मी नवं पातळ नेसून आली?" आमच्या बचत गटात सगळ्यात म्हातारी तीच, आन तोंड सगळ्यात तरणं.

श्रावणभाऊ फुगा देणाऱ्या संस्थेचे. चामोर्शीहून आले. त्यांनी समजावून सांगतलं. तलावातलं फुकट जाणारं गवत काढाचं, बारीक कुट्टी कराची, शेणात कालवाची, या तोंडातून आत टाकाची. आत ते सडते, त्याचा गॅस होते, नळीनं शेगडीले जाते. दुसऱ्या तोंडातून काळं पाणी निघते, ते वांग्याले टाका, धानाले टाका, खत. "म्हणजे इकडून खाते न तिकडून हागते," बायनाबाई म्हणाली. श्रावणभाऊ म्हणाले, "बाई, इतकं सोपं करून तर मले पण सांगता आलं नाई."

हे सगळं काऊन, ते इथी लिहून ठेवते. शाळेची खिचडी आमच्या गटाकडं हाय. शिजते लाकडावर. लाकूड जंगलातून आणाचं आम्हीच, आन जंगलात वाघ. मागच्या उन्हाळ्यात त्यानं आमच्या डोळ्यासमोर गाय ओढत नेली. तवापासून मोळी बांधाले वाकली का मले पाठीमागं कोणी उभं हाय असंच वाटते. घरी बोलत नाई. बोललं तर हे म्हणतीन, नको जाऊ. मग खिचडी कशावर शिजवू, यांच्या डोक्यावर?

अट एकच. नोव्हेंबर सरता सरता मोठे साहेब येतीन. निळ्या जाळावर खिचडी शिजली पायजे. नाई शिजली तर फुगा दुसऱ्या गावच्या गटाले. दुसऱ्या गावचा गट म्हणजे कोण? माही नणंद रीता. ती तिकडची अध्यक्ष, मी इकडची. अर्ज दोघींचाही होता. नंबर माहा लागला, तवापासून ती फोनवर मले "अध्यक्षीणबाई" म्हणून राह्यली.

५ ऑक्टोबर

माह्या घराजवळ आमची खिचडीची शेड हाय, तिच्यामागं फुगा ठेवून शेणाचं पाणी भरलं. गावातलं सगळं शेण आज फुग्यात गेलं, आंगण सारवाले कोणाकडं उरलं नाई. बायनाबाईनं फुग्याले हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. श्रावणभाऊ जाता जाता म्हणाले, "हे पोट हाय असं समजा. लहान लेकराचं. रोज थोडं थोडं द्या, जास्त नाई." सगळ्यांनी माना हालवल्या.

९ ऑक्टोबर

फुगा पडून हाय. बाया दिवसातून चारदा पाहून जातात, त्याच्या पोटावर हात ठेवतात, मान हालवतात. नव्या सुनेले पाहाव तसं!

१२ ऑक्टोबर

आज घरातच भांडण निघालं.

गवत कापाले तलावावर गेलो तर बांधावर हे उभे. संगं मच्छीमार संस्थेचे चार जण. म्हणे, "गवताले हात लावाचा नाई." मी म्हटलं, काऊन? म्हणे, "औंदा गवत्या सोडला हाय."

गवत्या म्हणजे मासोळी. गवतच खाते, म्हणून गवत्या. संस्थेनं पावसाळ्यात तलावात त्याची पिल्लं सोडली. आमचे हे संस्थेचे सचिव. मागच्या वर्षी हाच माणूस त्या गवताले शिव्या घालत होता! जाळं अडकते, वल्हवताना डोंगा अडकते, या गवताले आग लागो. दोन दिवस कापून बांधावर फेकत होते तवा कोणी विचारलं नाई. आता फुग्याले पायजे म्हटल्याबरोबर गवत सोन्याचं झालं.

"तलाव संस्थेचा हाय, प्रेमिला."

"पाणी संस्थेचं. गवत काय तुम्ही पेरलं का?"

तर हे म्हणतात, "मासोळी उपाशी मरंल." मासोळीची एवढी काळजी! माह्या बाळंतपणात या माणसानं मले जेवली का म्हणून विचारलं नव्हतं.

१३ ऑक्टोबर

घरी वरण-भात. मासोळी आणत नाईत. मी मागत नाई.

१६ ऑक्टोबर

ग्रामपंचायतीसमोर बैठक झाली. विषय — गवत कोणाचं. सगळं गाव आलं. इतके लोक ग्रामसभेले कधी येत नाईत. बायनाबाई उठून म्हणाली, "मी बावन्न साली या तलावात गवत पाहत होती, तवा तुमची संस्थाबी नव्हती आन तुम्हीबी नव्हते." ती बावन्न साली जन्मली तरी होती का, देव जाणे. कोणाची विचाराची छाती झाली नाई.

शेवटी ठरलं. तलावात बांबू रोवाचे. बांबूच्या इकडचं गवत गटाचं, तिकडचं गवत्याचं. सरपंच म्हणाले, न्याय झाला. टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर मले सुचलं — अरे, मासोळीले बांबू दिसते का?

२१ ऑक्टोबर

नाई दिसत. आमच्या बाजूचं गवत अर्धं खाल्लं. मी यांना म्हटलं, तुमच्या मासोळ्यांना समज द्या. हे जेवता जेवता हासले. बऱ्याच दिवसांनी हासले, म्हणून मी जास्त बोलली नाई.

२४ ऑक्टोबर

फुगला! सकाळी पाहते तर म्हशीनं पोट भरून रवंथ कराले बसावं तसा गोल. बायनाबाई धावत आली, अनवाणी. सगळ्यांनी पाळीपाळीनं थापटून पाहिलं. शेगडी लावली — काडी विझली. फोन केला तर श्रावणभाऊ म्हणाले, पहिला गॅस असाच असते, सोडून द्या, पुढचा जळंल. पहिला गॅस सोडून देताना बायांचे चेहरे पाहाले पायजे होते.

२८ ऑक्टोबर

पेटला. निळा जाळ. आवाज नाई, धूर नाई, डोळ्यात पाणी नाई. चहा केला. गवतावर झालेला चहा म्हणून सगळ्यांनी बशीत ओतून हळूहळू पिला. मुश्ताकभाई आपली खर्र्याची, तंबाखू-सुपारीची टपरी टाकून आले. एक घोट घेतला न म्हणाले, "भाभी, ये तो एकदम गैस जैसा है." मी म्हटलं, भाई, गॅसच हाय.

आता शाळेची खिचडी. पण श्रावणभाऊ म्हणे, खिचडीच्या एवढ्या मोठ्या गंजाले अजून जोर पायजे, पंधरा दिवस थांबा, रोजचं खाणं नेमानं द्या. त्यामुळं आज दुपारी पुन्हा जंगलात. चौघी गेलो. रस्ताभर मोठ्यानं बोलत गेलो, म्हणजे वाघाले कळावं का आम्ही येऊन राह्यलो. येताना कोणी बोलत नव्हतं.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

रीता आली. चिवडा-अनारसे घेऊन आली, ते बरं केलं. पण घरात पाय ठेवण्याआधी शेडमागं जाऊन फुगा पाहून आली. त्याले हाताची वीत लावून मोजलं. मी सगळं खिडकीतून पाहून राह्यली होती.

ओवाळलं. हे ताटात साडी ठेवाले गेले तर रीता म्हणते, "दादा, साडी नको. यंदा तो फुगा दे."

हे हासले. मले हासू आलं नाई. मी म्हटलं, "रीताबाई, तुमच्या गावात तलाव नाई. गवत कुठून आणान?"

"वहिनी, तुमच्या गावात तलाव हाय, पण गवत तर दादाच्या मासोळ्या खातात!"

यांनी सांगतलं असंल. दुसरं कोण! मग तिनं आवाज उतरवला न म्हणाली, "दादा, आमचं जंगल तुमच्यापेक्षा दाट हाय. लाकडाले आम्ही रोज जातो." यांनी साडी ताटात ठेवली. मग मी पोळी वाढली, तिनं नको म्हटलं, मी वाढलीच. पाहुणीचा मान ठेवलाच पायजे, अध्यक्ष असली तरी.

जाताना यांना म्हणाली, "महिना जाऊ दे. मी ट्रॅक्टर सांगून ठेवते."

ट्रॅक्टर सांगून ठेवते! झोप आली नाई मले.

५ नोव्हेंबर

गटाची बैठक घेतली. रीताचं ट्रॅक्टरचं बोलणं जसंच्या तसं सांगतलं. बाया पेटल्या. बायनाबाई म्हणाली, "माह्या जीवात जीव हाय तोवर फुगा गावाबाहेर जात नाई." सगळ्यांनी ठरवलं — फुग्याची काळजी घ्याची. मले बरं वाटलं.

११ नोव्हेंबर

वास. सगळ्या शेडमध्ये आंबट वास. फुगा टम्म हाय पण काडी लावली का विझते. फिस्स होते न विझते. सकाळपासून अख्खी माचिस संपली.

१२ नोव्हेंबर

आज उलगडा झाला. काय सांगू!

श्रावणभाऊ येऊन गेले. फुग्याच्या मागच्या तोंडात काठी घालून पाहिली, नाकाले लावली न डोकं धरून खाली बसले. "बाई, याले रोज किती देता?" मी म्हटलं, तुम्ही सांगतलं तेवढंच, एक टोपलं. ते म्हणाले, "एका टोपल्याचं हे काम नाई."

मग मी सगळ्यांना बोलावलं न विचारलं, कोणी काही टाकलं का. मग बायनाबाई हळूच म्हणाली, "मी सकाळी एक टोपलं टाकत होती. कोवळं गवत. तुह्या टोपल्याच्या आधी." मग दुसरी म्हणाली, ती दुपारी टाकत होती. तिसरी भाताची पेज टाकत होती, लेकराले पेज चांगली असते म्हणून. एकीनं भाऊबीजेचे उरलेले अनारसे टाकले! अनारसे! सगळ्या चोरून. जी ती समजत होती का बाकीच्या त्याले उपाशी ठेवून राह्यल्या. श्रावणभाऊनं लहान लेकरू म्हटलं ते सगळ्यांनी ऐकलं, जास्त नाई म्हटलं ते वाऱ्यावर गेलं. आमच्या इथी लेकरू रडलं का खाऊ घालतात, हासलं का खाऊ घालतात, न निजलं असंल तर उठवून खाऊ घालतात.

मी कपाळाले हात लावला. तेवढ्यात श्रावणभाऊ काठीकडं पाहत म्हणाले, "हे काय हाय?"

मासोळीचे खवले.

मी घरी आली. हे जाळं विणून राह्यले होते. मी खवले समोर ठेवले. हे जाळ्यातून मान वर काढेनात. म्हटलं, बोला. म्हणाले, "बाजारातून उरलेली घाण होती, फेकाचीच होती." मी म्हटलं, तुमचा न फुग्याचा काय संबंध? तुम्हाले तर गवत्या पायजे. यांनी जाळ्याची एक गाठ घट्ट ओढली. मग म्हणाले, "तू जंगलात जाते तवा मले करमत नाई. मले वाटलं, उपाशी असंल तो."

मी खवले उचलले न बाहेर फेकले. काय बोलाव माणसाले?

१३ नोव्हेंबर

निदान — अपचन. पित्त झालं म्हणाले श्रावणभाऊ, फुग्याले. औषध — उपास. एक काडी गवत नाई, फक्त पातळ शेणाचं पाणी, आन आंबट मारावं म्हणून चुना.

चुना आणाव कुठून? दिवाळीच्या रंगकामात सगळ्यांचा सरलेला. चामोर्शीचा बाजार अजून लांब. गावात चुना एकाच ठिकाणी — मुश्ताकभाईच्या टपरीत, खर्र्याचा. सगळ्या जणी मिळून गेलो. ते डब्यावर हात ठेवून बसले. "भाभी, चुना गया तो खर्रा गया. खर्रा गया तो गांव मुझे जिंदा नहीं छोडेगा." बायनाबाई म्हणाली, "न नाई देल्ला तर आम्ही नाई सोडणार. पहा बापा, कोणाले भेतोस ते." मुश्ताकभाईनं विचार केला न डबा देल्ला.

१५ नोव्हेंबर

गावात खर्रा बंद. पुरुषमाणसं पारावर बसून हात चोळून राह्यलीत, तळहातावर काहीच नसताना. दोघांची तर उगाच भांडणं झाली. यांनी आज माह्यावर तीनदा आवाज चढवला न तीनदा माफी मागतली. फुग्याजवळ आता पुरुषांचा पहारा हाय. म्हणे, कोणत्याही बाईनं घासभर टाकला तर खबरदार. फुगा बरा झाला का चुना परत आमचा, म्हणतात!

बायनाबाई मात्र उपाशी. म्हणते, पोटच्यासारख्याले एकट्याले उपास घडवाव का? तिच्यासाठी मी साबुदाणा केला.

१९ नोव्हेंबर

बाजार झाला. चुना आला. गाव माणसात आलं. फुगा नाई.

२२ नोव्हेंबर

रीतानं तिकडं खड्डा खोदून ठेवला म्हणे, फुगा बसवाले. मापात. भाऊबीजेले वीत लावून गेली होती ते उगाच नाई. मले इतका राग आला का मी यांच्यासमोर तिले नाई नाई ते बोलली. हे ऐकत राह्यले, न मग म्हणाले, "तुह्या जागी ती असती तर तूबी खोदला असता." हो, खोदला असता. पण ते मले सांगाची गरज काय?

२६ नोव्हेंबर

पिवळा जाळ. बोटाएवढा, थरथरता. पण विझला नाई. कोणाले सांगतलं नाई. दृष्ट लागते.

२८ नोव्हेंबर

निळा. रोज एक टोपलं, मीच टाकते, फुग्याच्या तोंडाले कुलूप, किल्ली माह्या कमरेले. बायनाबाई दुरून पाहते न उसासे टाकते.

३० नोव्हेंबर

जिंकलो!

साहेब आले. रीता पण आली, मागं ट्रॅक्टर घेऊन, वर दोरखंड, वर आठ बाया. साहेब म्हणाले, हे वऱ्हाड कोणाचं? मी म्हटलं, नवऱ्याची बहीण हाय, पाहाले आली.

गंज चढवला. तांदूळ, डाळ, हळद. शेगडी पेटवताना काडी दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा यांनी येऊन हात धरला. सगळ्या गावासमोर! लग्नातही एवढा धरला नव्हता. भक् झालं न जाळ लागला, निळाशार. खिचडी उकळाले लागली तवा बायनाबाई रडली, न मग रडली म्हणून सगळ्यांवर चिडली. शाळेतल्या पोट्ट्यांनी दोनदा घेऊन खाल्ली. साहेबांनी कागदावर सही केली. फुगा आमचा.

रीतानं खिचडी तोंडात घातली. म्हणाली, "मीठ जास्त हाय, वहिनी." मी म्हटलं, तुमच्या तोंडाची चव गेली असंल. सगळ्या हासल्या. मग ती जाताना माह्याजवळ येऊन म्हणाली, "तुमचं बरं झालं. आम्हाले सोमवारी पुन्हा जंगलात जा लागते, शाळेचं लाकूड सरलं."

मी म्हटलं, "मग जा."

माह्या बाया अजून जोरानं हासल्या. रिकामा ट्रॅक्टर गेला, दोरखंड तसाच. आज मी मासोळी शिजवली. गवत्या. चांगली लागते, खोटं काऊन बोलू.

३ डिसेंबर

काल रीताले वाघानं धरलं. शाळेचं लाकूड आणाले गेली होती. संगच्या बायांनी आरडाओरडा केला, कुऱ्हाड फेकली, म्हणून सोडलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात हाय. जीव हाय. उजवा हात राहीन का नाई, ते डॉक्टर अजून सांगत नाईत. मी पाहाले गेली तर डोळे मिटून होती. मी तिले "मग जा" म्हटलं होतं. ते आता कुठी ठेवू मी?

रात्रीच श्रावणभाऊले फोन केला. म्हटलं, गाडी घेऊन या, फुगा रीताच्या गावाले न्या. ते म्हणाले, तिथी गवत नाई न बाई. म्हटलं, गवत आम्ही रोज पोहोचवू. गटातल्या बाया शेडमध्ये बसून ऐकत होत्या. मग आपल्या खिचडीचं काय, असं एकीनंही विचारलं नाई.

हे पहाटंपासून डोंग्यात हायेत. बांबूच्या तिकडचं गवत कापून राह्यले.